स्क्रिप्टचं नाव 'टेस्ट' ठेवलं आणि फसलो

सर्व्हरवर नवी फाइल बनेना. डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड म्हणे 40 टक्के जागा रिकामी. 'डीएफ -आय' मारल्यावर कळलं, आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणारी एकेक नोंद, संपलेत. कुठल्या फोल्डरात फाइलींचा ढीग आहे ते मोजायला छोटी स्क्रिप्ट लिहिली, नाव ठेवलं 'टेस्ट'. चालवली, तर ना आउटपुट, ना एरर. अर्धा तास कोडच चाळत बसलो! शेवटी 'टाइप -ए टेस्ट' करून त्या नावाखाली काय काय आहे ते पाहिलं: बॅशची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या शेलची, स्वतःचीच त्या नावाची कमांड आधी धावत होती. नाव बदलून 'आयनोडमोज' केलं. आउटपुटच्या ओळीत आधी आकडा, मग फोल्डरचा पाथ, म्हणजे आकड्यांनुसार क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट -एन'ला ते थेट पाइप होतं, पुढे देता येतं. एरर वेगळ्या वाटेने, स्टँडर्ड एररवर, म्हणजे आकड्यांत मिसळत नाहीत. ढीग निघाला पीएचपीच्या (वेबसाइटसाठीची भाषा) जुन्या सेशन फाइलींचा, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या फाइलींचा. डिलीटचा पर्याय मुद्दाम घातला नाही, रात्री दोनला माझ्याच हातांवर माझा भरवसा नसतो.