हार्ड डिस्क जोडली की राउटर रीस्टार्ट: शेवटी काय चाललं

लक्षण असं: राउटरच्या यूएसबी पोर्टला अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क. छोट्या फाइली नीट उघडायच्या, पण मोठा व्हिडिओ कॉपीला लावला की दोन-तीन मिनिटांत वायफाय गायब. राउटरच्या सेटिंगच्या पानावर अपटाइम (तो किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) पुन्हा शून्यापासून, म्हणजे तो खरोखरच रीस्टार्ट होत होता.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, फॅक्टरी रीसेट, नवी केबल, सगळं झालं. दोन रविवार वाया गेले.

धागा सापडला तो पेनड्राइव्हमुळे. तीच फाइल पेनड्राइव्हवर बिनतक्रार गेली, आणि पेनड्राइव्हला वीज कमी लागते. म्हणजे दोष शेअरिंगचा नाही, विजेचा. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअरची हमी असते. फिरणारी डिस्क सुरू होताना किंवा सलग लिहिताना त्याहून जास्त ओढू शकते. राउटरचा अडॅप्टर आधीच काठावर असेल तर व्होल्टेज पडतं.

उपाय: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी), म्हणजे डिस्कला वीज राउटरऐवजी हबकडून मिळते. क्रम महत्त्वाचा. आधी राउटरच्या पानावरून डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करा, मग राउटर बंद. हबचा अडॅप्टर लावा, हबला डिस्क जोडा, ती फिरून स्थिर होऊ द्या. मग हबची केबल राउटरला, आणि सगळ्यात शेवटी राउटर चालू.

एक सावधगिरी: केबल जोडल्यावर बंद राउटरचे दिवे मिणमिणले, तर हब केबलमधून राउटरलाच उलटी वीज देतोय. माझा पहिला, स्वस्तातला हब तसाच निघाला. तो परत केला.

जाता जाता राउटरमधला मीडिया सर्व्हरही (डिस्कवरचे व्हिडिओ-गाणी टीव्ही वगैरेंना पुरवणारी सोय) बंद केला. सगळी डिस्क चाळताना तो राउटरची मेमरी खातो. काल ४० जीबी एका दमात गेले.