फोरम की ग्रुप? बोटमालकांच्या क्लबने ठराव मताला टाकण्याआधीची तयारी

क्लबच्या वार्षिक सभेत ‘फोरम बंद करून फेसबुक ग्रुपवर जायचं का’ हा विषय निघाला की सभेचे लगेच दोन तट पडतात. जुने सभासद फोरमच्या, म्हणजे क्लबच्या संकेतस्थळावर विषयवार धाग्यांत चालणाऱ्या चर्चेच्या, बाजूने बोलतात, नवे ग्रुपच्या, आणि मोजून आणलेलं असं दोघांच्याही हातात काही नसतं. म्हणून ठराव मांडायच्या निदान महिनाभर आधी कार्यकारिणीने पुढची कामं उरकून ठेवावीत. क्रम शक्यतो हाच ठेवा, कारण नंतरची कामं आधीच्या उत्तरांवर अवलंबून आहेत.

पहिलं काम प्रश्न गोळा करण्याचं. गेल्या वर्षभरात सभासदांनी एकमेकांना काय काय विचारलं ते जिथे सापडेल तिथून जमवा. फोरम असेल, ग्रुप असेल, सचिवांकडे आलेल्या ईमेल असतील. मग त्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात आजचं आणि उद्याचं: शनिवारी कोण निघतंय, धक्क्यावर जागा मिळेल का, कुणाकडे जादा इंपेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) आहे का. दुसऱ्या ढिगात असे प्रश्न, ज्यांचं उत्तर ती बोट पाण्यावर असेपर्यंत बदलणार नाही: सुकाणूचं बेअरिंग कोणत्या मापाचं, डिझेलची टाकी बाहेर काढायला आतलं कोणतं फर्निचर सोडवावं लागतं, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा किती जाडीच्या, सेलड्राइव्हचं, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत बोटीच्या तळातून जाणाऱ्या जोडणीचं, रबरी सील बदलताना इंजिन पुढे सरकवावं लागतं का.

तुमचा क्लब एकाच बनावटीच्या बोटींचा असेल तर हा दुसरा ढीग म्हणजेच क्लब, असं मी म्हणेन. बोट बांधणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते, किंवा चालू असली तरी त्या जुन्या मॉडेलशी तिला कर्तव्य उरलेलं नसतं. माहितीपुस्तिकेत जे लिहिलेलं नाही ते मालकांनी हात काळे करून शोधलेलं असतं. पहिल्या ढिगाला ग्रुप पुरतो, किंबहुना तोच बरा. दुसऱ्याला तो पुरत नाही, पण हे सभेला नुसतं सांगून पटणार नाही. त्यासाठी पुढची चाचणी घ्या.

दुसऱ्या ढिगातून जुने, आधीच उत्तर मिळालेले प्रश्न निवडा आणि नुकत्याच क्लबमध्ये आलेल्या एखाद्या सभासदाला ती उत्तरं शोधायला बसवा, एकदा फोरमवर आणि एकदा ग्रुपमध्ये. जाणत्या माणसाला बसवू नका. त्याला उत्तर कुठे आहे ते आठवत असतं. फेसबुक ग्रुपमध्ये काय होतं ते दिसेलच. तिथे पोस्टचा क्रम ताज्या हालचालीवर आणि फेसबुकच्या स्वतःच्या हिशेबावर ठरतो. चांगली चर्चा दोन दिवसांत खाली जाते, मग तोच प्रश्न दुसरा कुणी विचारतो, आणि ज्याने एकदा फोटोंसकट सविस्तर लिहिलं होतं तो तिसऱ्यांदा लिहायला येत नाही. जाणकार असे हळूहळू गप्प होतात, हे ग्रुपचं सर्वांत मोठं नुकसान. व्हॉट्सॲपवर तर एका ग्रुपमध्ये १०२४ माणसांची मर्यादा आहे, नव्याने आलेल्याला वर्षांपूर्वीचं बोलणं दिसत नाही आणि प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांपुढे उघडा पडतो.

फोरमच्या बाजूने असणाऱ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. त्यांच्याकडची चाचणीही तितक्याच कडकपणे घ्या. जुन्या धाग्यांतले फोटो उघडतात का ते एकेक करून बघा. २०१७ मध्ये फोटो साठवून देणाऱ्या फोटोबकेट या सेवेने इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवण्याची मोफत सोय अचानक बंद केली आणि जगभरच्या फोरमवरच्या असंख्य दुरुस्तीच्या धाग्यांतून चित्रं गायब झाली. ‘खालच्या फोटोत दाखवल्याप्रमाणे बोल्ट सोडवा’ असं वाक्य शिल्लक, फोटोच्या जागी राखाडी चौकट. असे धागे तुमच्याकडे किती आहेत ते लिहून काढा आणि मूळ लेखक अजून संपर्कात असतील तर त्यांच्याकडून फोटो मागवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ठराव कोणताही झाला तरी उपयोगी पडणारं आहे.

आणखी एक तपासा: जुनं म्हणजे बरोबर नव्हे. फोरमवर चुकीचा सल्लाही तितक्याच इमानाने टिकतो. संकटसमयी संदेश देणाऱ्या बीकनचं उदाहरण घ्या. १२१.५ मेगाहर्ट्झचे संकेत उपग्रहांवरून ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून थांबलं. आता ४०६ मेगाहर्ट्झचा, मालकाच्या नावे नोंदलेला बीकन लागतो. पण २००४ साली कुणी ‘जुना बीकन अजून चालतो, बदलू नका’ असं लिहिलं असेल तर ते वाक्य आजही शोधात वर येऊ शकतं. सुरक्षेशी संबंधित धाग्यांची वेगळी यादी करा, त्यावर तारखेसकट शेरा मारायला दोन जाणकार नेमा आणि कीलच्या (बोटीच्या तळाशी बसवलेल्या जड पात्याच्या) बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा, असल्या आकड्यांपुढे तो कुठून मिळाला ते लिहायला लावा. ग्रुपमध्ये ‘मी तर एवढाच आवळतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आता बोटींच्या नोंदवहीकडे या. हा भाग सभेत कुणीच काढत नाही, आणि माझ्या मते फोरम-ग्रुपच्या वादापेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही बेनेतो कंपनीची फर्स्ट ४०.७ जातीची बोट अँटिग्वाहून साउथहॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ च्या अहवालात लक्ष वेधलं ते पूर्वी तळ घासण्याच्या घटनांकडे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांकडे. हल (बोटीचं बाहेरचं कवच) आणि आतला सांगाडा यांचा जोड या घटनांनी कमजोर झाला असण्याची शक्यता आहे आणि असं नुकसान बाहेरून सहज दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. उद्या तुमच्या जातीच्या बोटीबद्दल असा इशारा आला तर तो प्रत्येक मालकापर्यंत कसा पोचवाल? फेसबुकवर टाकलेली पोस्ट सगळ्या सभासदांना दिसेलच असं नाही. फोरमवर जो महिनोन्महिने फिरकत नाही त्याला तिथलं कळणार नाही. आणि ज्याने बोट जुनी विकत घेतली, क्लबचं नावही ऐकलेलं नाही, तो दोन्हीकडे नाही.

म्हणून क्लबकडे बोटवार नोंदवही हवी: बांधणीचा क्रमांक, वर्ष, सध्याचा मालक, चालू ईमेल, आणि बोट विकली तर कुणाला. ती अद्ययावत करायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. हलवर कोरलेला ओळख क्रमांक अमेरिकी पद्धतीत १२ अक्षरांचा असतो, युरोपीय पद्धतीत १४. तो पूर्ण क्रमांक किंवा एमएमएसआय हा रेडिओचा नऊ अंकी ओळख क्रमांक उघड ग्रुपमध्ये टाकू नये, अशी सभासदांना लेखी सूचना द्या. चोरीची बोट दुसऱ्या नावाने विकणाऱ्याला असेच क्रमांक हवे असतात. नोंदवही फोरमवरही नको आणि ग्रुपमध्येही नको. ती क्लबच्या दप्तरात राहील, सभासदांच्या संमतीने आणि खासगी माहितीबाबत तुमच्याकडे जो कायदा असेल त्याला धरून.

यानंतर किल्ल्या तपासा. फोरमचं डोमेन नाव कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे? होस्टिंगचं बिल कुणाच्या कार्डावरून जातं? नूतनीकरणाची आठवण कोणत्या ईमेलवर येते, आणि तो ईमेल कुणी उघडतं का? कित्येक क्लबांत हे सगळं एका उत्साही माणसाने सुरू केलेलं असतं, त्याने बोट विकलेली असते आणि सौजन्य म्हणून तो अजून बिल भरत असतो. हे आधी क्लबच्या नावावर करून घ्या. ग्रुपबाबतही तेच. ॲडमिन निदान तीन असावेत. एकाचं खातं चोरीला गेलं किंवा कंपनीने बंद केलं तर बाकीच्यांच्या हातात कारभार राहिला पाहिजे. असं झाल्यावर दाद मागायला समोर माणूस मिळेल, या भरवशावर राहू नका.

किल्ल्यांचाच पुढचा प्रश्न: बाहेर पडायचं ठरवलं तर काय काय बरोबर नेता येईल? फोरमचा डेटाबेस आणि फोटोंचा फोल्डर उतरवून घेता येतो, म्हणून तो ठरावाआधीच उतरवा आणि दुसऱ्या संगणकावर उभा करून चालतो का ते बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका. फेसबुक ग्रुपमधून सगळ्या चर्चा एकगठ्ठा काढून घेण्याची सोय ॲडमिनला नाही, आणि बाहेरची सॉफ्टवेअरं ज्या दारातून ग्रुपला जोडली जात ते दारही कंपनीने २०२४ मध्ये बंद केलं. ‘फेसबुक काही उद्या बंद होत नाही’ असं सभेत कुणीतरी म्हणेलच. त्यांना याहू ग्रुप्सची आठवण करून द्या. हजारो छंदमंडळांचा संवाद तिथे होता. २०१९ च्या अखेरीला कंपनीने जुन्या पोस्ट आणि फायली काढायला घेतल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये उरलेली सेवाही गुंडाळली. गुगल प्लस हे समाजमाध्यम एप्रिल २०१९ मध्ये गेलं. वेळेत सूचना मिळूनही ज्यांनी उतरवून घेतलं नाही त्यांचं गेलं ते गेलं.

मग माणसं. फोरम चालवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीएचपीबीबी २००० सालापासून आहे आणि डिस्कोर्स त्यामानाने नवं, फोनवर जास्त सुटसुटीत. पण सुरक्षेची अद्यतनं लावणं, जाहिरातबाज खोटे सभासद हाकलणं, भांडणं मिटवणं हे दर आठवड्याचं काम आहे. हे कोण करणार, आणि तो दोन महिने समुद्रावर गेला तर कोण, ही दोन नावं ठरावात लिहायला लावा. नावं मिळाली नाहीत तर स्वतः फोरम उभा करण्याचा विचार सोडा. होस्टिंगसकट सगळं सांभाळणारी सशुल्क सेवा घ्या, नाहीतर फोरमच नको. काही देशांत फोरम चालवणाऱ्यावर कायद्याची थेट जबाबदारीही येते. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातली कर्तव्यं मार्च २०२५ पासून लागू होऊ लागली, तेव्हा काही छोट्या फोरमचालकांनी धसका घेऊन दारं लावली. तुमच्याकडे काय नियम आहे ते वकील सभासदाला विचारून एका पानात लिहून घ्या.

किरकोळ पण राहून जाणाऱ्या गोष्टी: फेसबुकवर नसलेले आणि कधीच न येणारे सभासद किती, ते मोजा, नुसता अंदाज चालणार नाही. लांबच्या सफरीवरचे काही लोक उपग्रहावरून किंवा लघुलहरी रेडिओवरून जेमतेम साधा मजकूर ओढू शकतात. त्यांच्यासाठी ईमेलने सूचना पाठवणारी सोय हवी, व्हिडिओंनी भरलेला ग्रुप त्यांच्या कामाचा नाही. खरेदी-विक्रीचा फलक ठेवायचा असेल तर फक्त नोंदलेल्या सभासदांनाच जाहिरात टाकू द्या, कारण न पाहिलेल्या बोटीवर आगाऊ रक्कम उकळणारे सगळीकडे फिरत असतात. आणि जुन्या पोस्ट दुसरीकडे हलवणार असाल तर लिहिणाऱ्यांची परवानगी आधी मागा.

एवढं हातात आल्यावर ठरावाचा मसुदा लिहा. ‘फोरम की ग्रुप’ असं एकाच ओळीत लिहू नका, तीन कलमं करा: रोजचं बोलणं कुठे, टिकाऊ उत्तरं कुठे, तातडीचे इशारे कसे. माझं मत विचाराल तर बोलणं ग्रुपमध्ये होऊ द्या, कारण माणसं तिथेच आहेत आणि त्यांना ओढून दुसरीकडे नेता येत नाही. पण ग्रुपमधलं चांगलं उत्तर उचलून, लिहिणाऱ्याला विचारून, क्लबच्या स्वतःच्या जागेवर नीट शीर्षकाखाली ठेवायला एक पदाधिकारी नेमा. संपादक म्हणा, ग्रंथपाल म्हणा. फोरम अजून जागता असेल तर ती जागा म्हणजे फोरमच. तिथे महिनाभर कुणी काही लिहीत नसेल तर त्याला जबरदस्तीने जिवंत ठेवू नका. नव्या पोस्ट बंद करून तो फक्त वाचण्यापुरता ठेवा आणि शेजारी बोटीच्या भागांप्रमाणे लावलेली साधी पानं सुरू करा: इंजिन, सुकाणू, कील, डोलकाठी, वीज, पाणी. इशारे मात्र नोंदवहीतल्या ईमेलवर, दुसरी कुठलीही वाट नको.

मत झाल्यावर जुन्या फोरमचे पत्ते लगेच मोडू नका. बोटी तपासणाऱ्या सर्वेक्षकांच्या अहवालांत, इतर क्लबांच्या पानांवर, बोटींच्या लॉगबुकमध्ये ते लिहिलेले असतात. ते पत्ते नव्या पानांकडे वळवा आणि ही व्यवस्था सहा महिने चालवून बघा. त्या सहा महिन्यांत ग्रुपमधून किती उत्तरं उचलून ठेवली गेली याचा आकडा पुढच्या सभेत ग्रंथपालाने मांडावा, आणि तो शून्य असेल तर त्याच सभेत दुसरा माणूस नेमावा.