भारतीय पासपोर्टवर नॉर्वेत नगरसेवक कसं व्हावं, आणि तिथून महापौर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या हाउगेसुंदकडच्या मराठी मंडळींत मला नेहमी एकच प्रश्न येतो : "तुझा पासपोर्ट तर अजून भारताचाच आहे, मग तू कोम्यूनच्या सभेत कशी काय बसतेस?" मी कराडची. इथे बालवाडीत शिकवते आणि आमच्या कोम्यूनची राखीव सदस्य आहे. जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, ते इथे सांगते.

कोम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि नगरपालिका एकाच छपराखाली. देशात अशा 357 आहेत. शाळा, बालवाड्या, वृद्धांची देखभाल, पाणी, गावातले रस्ते, सगळं तिच्याकडे. तिच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, उभं राहायलाही नाही. वय 18 हवं आणि मतदानाच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं इथल्या लोकसंख्या नोंदणीत नाव हवं. संसदेसाठी, म्हणजे स्टोर्टिंगसाठी, मात्र नॉर्वेचं नागरिकत्वच लागतं. 'सलग' हा शब्द नीट लक्षात ठेवा. आमच्या ओळखीचा एक जण प्रोजेक्टसाठी पुण्याला गेला, जाताना इथून स्थलांतराची नोंद करून गेला, आणि परतल्यावर त्याची तीन वर्षं पहिल्यापासून मोजायला लागली. पुढची निवडणूक सप्टेंबर 2027 मध्ये, म्हणजे गणपतीच्या सुमाराला आहे. आजच बसून हिशोब करा.

पक्षात जाण्याआधी गावात जा. शाळेची पालक समिती, मुलांचा फुटबॉल क्लब, वसंतातला दुग्नाद, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं श्रमदान. हे मी शोभेसाठी सांगत नाही. उमेदवार शोधणारी पक्षाची नामांकन समिती आधी ओळखीचे चेहरेच आठवते. मला फोन आला तो माझ्या भाषणामुळे नाही, मी दोन वर्षं पालक समितीची इतिवृत्तं लिहिली म्हणून. नॉर्वेजियन चुकत होतं, तरी लिहीत राहिले.

पक्ष निवडताना देशपातळीवरच्या घोषणांकडे कमी बघा. कोम्यूनच्या संकेतस्थळावर प्रत्येक सभेचे कागद असतात. मागच्या सहा सभांचे वाचा, कोण कशाच्या बाजूने उभं राहिलं ते पाहा, मग ठरवा. सभा लोकांना खुल्या असतात. एखाद्या सभेला मागच्या खुर्चीवर जाऊन बसलात, तर प्रचारपत्रकांपेक्षा जास्त कळतं.

समितीचा फोन निवडणुकीच्या आधीच्या शरद ऋतूत येतो, कारण पक्षांना आपल्या उमेदवारांच्या याद्या 31 मार्चच्या आत द्याव्या लागतात. यादीत चौदावा क्रमांक देऊ केला तरी हो म्हणा. पक्ष आपल्या वरच्या काही उमेदवारांना जादा मतांचं वजन देऊ शकतो, त्यांची नावं मतपत्रिकेवर ठळक छापलेली असतात. पण मतदाराला कुठल्याही नावापुढे खूण करता येते, दुसऱ्या पक्षाच्या यादीतलं नावसुद्धा आपल्या मतपत्रिकेत जोडता येतं. म्हणून ओळख कामाला येते. 1971 मध्ये इथल्या बायकांनी, तेव्हाच्या नियमांप्रमाणे, यादीतली पुरुषांची नावं खोडून बायकांना वर आणलं आणि ओस्लो, ट्रॉन्हाइम, आस्केर या तीन ठिकाणच्या सभागृहांत बायकांचं बहुमत झालं. हा प्रसंग मला कुणी सांगितला तेव्हा मी त्याच आठवड्यात पक्षाचा अर्ज भरला.

निवडून नाही आलात तरी राखीव यादीत येऊ शकता. नेहमीचा सदस्य आजारी पडला की तुम्हाला बोलावणं. कामावरून रजा मिळण्याचा हक्क कायद्यातच आहे, वरिष्ठांना मोकळेपणाने सांगा. कागद दीडशे पानांचे असतात. आधी शेवटचा ठरावाचा मसुदा वाचा, मग पैशांचा तक्ता, मग बाकीचं.

माझी पहिली सभा. विषय होता वाडीवरची 38 मुलांची शाळा बंद करण्याचा. नव्या शाळेच्या वाटेवर दिवे नव्हते आणि नोव्हेंबरात इथे सकाळी मुलं निघतात तेव्हा मिट्ट काळोख असतो. मी व्यासपीठावर गेले, रीतीप्रमाणे आधी "महापौर" असं संबोधून बोलले. म्हटलं, दिवे लागेपर्यंत शाळा चालू ठेवा. लोक मन लावून ऐकत होते. महापौरांनी विचारलं, "प्रस्ताव लेखी आहे?" नव्हता. लेखी नाही त्यावर मतदान नाही. शाळा बंद झाली. त्या रात्री गाडीत बसून मी रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

डिसेंबरात अर्थसंकल्पाच्या सभेला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी चार ओळी लिहून नेल्या : किती दिवे, किती खर्च, आणि तो पैसा कुठल्या खर्चातून कापायचा. शेवटची ओळ नसेल तर प्रस्ताव कुणी मनावर घेत नाही. 14 विरुद्ध 13 मतांनी मंजूर झाला. आज त्या वाटेवर 11 दिवे आहेत.

आता महापौरपद. आपल्याकडे गावात सरपंच थेट लोकांतून निवडतात, तसं इथे नाही. नवं सभागृह आपल्या पहिल्या बैठकीत सदस्यांमधूनच महापौर निवडतं. त्यामुळे निकालाच्या रात्रीपासून पक्षांची बोलणी सुरू होतात आणि तिथे ज्याच्या शब्दावर दुसऱ्या पक्षाचे लोक विश्वास ठेवतात त्याचं नाव पुढे येतं. चार वर्षं विरोधकांशी कसं वागलात ते तेव्हा मोजलं जातं. महापौर सभा चालवतो, कोम्यूनचा प्रतिनिधी असतो. कर्मचारी मात्र प्रशासकीय संचालकाच्या हाताखाली असतात, महापौराच्या नव्हे. ओस्लोची रचना आणखी वेगळी, तिथे कारभार नगर-मंत्रिमंडळाकडे असतो.

उदाहरणं हवीत तर दोन. हाउगेसुंदहून बोटीने जावं लागतं त्या उत्सिरा बेटावर 1925 च्या निवडणुकीत 12 पैकी 11 जागांवर बायका आल्या आणि ओसा हेल्गेसेन ही सुईण 1926 मध्ये देशातली पहिली महिला महापौर झाली. दुसरी खामशाजिनी गुणरत्नम, श्रीलंकेतल्या जाफन्यात जन्मलेली, तीन वर्षांची असताना इथे आलेली. 2015 मध्ये ती ओस्लोची उपमहापौर झाली, 2021 मध्ये स्टोर्टिंगवर गेली.

या शरदात कोम्यूनच्या सभेची तारीख बघा आणि डायरीत लिहा. जाताना थर्मासमध्ये चहा न्या, सभा लांबतात.