नोटीस आली, डॉक्टर? आधी हे करा

सगळ्यात आधी पेन खाली ठेवा. उपचारात निष्काळजीपणा झाल्याच्या आरोपाची नोटीस वाचली की केस पेपर उघडून राहून गेलेली एखादी ओळ लिहावीशी वाटते. ती ओळ शंभर टक्के खरी असली तरी लिहू नका. संगणकावरच्या नोंदीत कोणी, कधी, काय बदललं याचा माग बहुधा राहतो, आणि कागदावरची मागाहून घातलेली शाईही ओळखू येते. एवढ्यावरून चांगल्या उपचाराची केससुद्धा हातची जाते. मूळ कागद, फिल्म, नर्सिंगचे तक्ते, फोनवरचे मेसेज जसेच्या तसे कुलपात ठेवा. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, सहकाऱ्यांच्या ग्रुपवर अवाक्षर काढू नका, आणि वकिलाची पत्रं रुग्णाच्या फाइलला लावू नका.

मग घटनाक्रम. इथे मात्र वेळ द्या. तुमची नोंद, नर्सची नोंद, लॅबची वेळ आणि मॉनिटरच्या पट्टीवरची वेळ एकाच कागदावर मांडा. मॉनिटरचं घड्याळ वॉर्डातल्या घड्याळापेक्षा नऊ मिनिटं मागे असेल, तर वेळेत आलेला डॉक्टरही कागदावर उशिरा आलेला दिसतो. म्हणून ते घड्याळ कोणी दुरुस्त करण्याआधी, शेजारी बरोबर वेळ ठेवून त्याचा फोटो घ्या.

कोर्टात तुमच्या बाजूने मत देणारा तज्ज्ञ तुमच्याच शाखेचा हवा. त्याला अडचणीचे कागदही द्या. ते त्याला कोर्टात पहिल्यांदा दिसता कामा नयेत. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलॅम निकालाने निष्काळजीपणा ठरवायला जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत हा निकष दिला, पण १९९७ च्या बोलिथो निकालाने त्या गटाचं मत तर्कालाही उतरलं पाहिजे असं सांगितलं. त्यामुळे ‘सगळे असंच करतात’ यावर विसंबू नका. का करतात ते सांगता यायला हवं. मार्गदर्शक सूचना उपचाराच्या तारखेच्या काढा, आजच्या नव्हे. चूक झाली का आणि त्या चुकीमुळेच इजा झाली का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. दुसऱ्या प्रश्नाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात.

संमतीपत्रावर सही आहे एवढ्याने भागत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या मॉंटगोमेरी निकालापासून तिथे त्या रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे धोके आणि दुसरे पर्याय सांगितले का, हे पाहिलं जातं. ते बोलणं नोंदीत कुठे दिसतं, ते शोधा.

उलटतपासणीचा सराव मोठ्याने बोलून करा. विचारलं तेवढंच सांगा, आणि आठवत नसेल तर तसंच म्हणा.