माळरानाचे फोटो दाखवायला नेण्याआधी

हिवाळ्यातली एक सकाळ पुणे जिल्ह्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर घालवली की कार्डात तीन-चारशे फोटो सहज जमतात. ते तसेच घेऊन मत विचारायला जाणत्या माणसाकडे जाऊ नका. आल्या दिवशी निवडायलाही बसू नका. अंगात अजून ती थंडी असते, पहिला चिंकारा, म्हणजे माळावरचं लहानखुरं हरीण, दिसला तेव्हाची धडधड असते, आणि ते सगळं आपल्याला फोटोत दिसत राहतं. बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नसतं. आठवडाभर थांबा, मग निवडा, आणि सहाच्या वर नेऊ नका. एकाच कळपाचे चार फोटो असतील तर त्यातला एक.

निवडताना प्रत्येक फोटोवर अंगठा ठेवून जनावर झाका. झाकल्यावरही चित्र तेवढंच चांगलं वाटलं, तर जनावर तिथं नुसतं येऊन उभं राहिलंय. झाकल्यावर काहीच उरलं नाही, तर तो प्राण्याचा फोटो आहे आणि माळ फक्त मागचा पडदा आहे. दोन्हीत वाईट काही नाही, पण आपण निसर्गदृश्य म्हणून दाखवणार असू तर दोघांचंही एकमेकांवाचून अडायला हवं. माळ केवढा पसरलाय हे त्या चिंकाऱ्यामुळे कळावं आणि तो किती एकटा आहे हे माळामुळे.

आकाराचं गणितही इथंच करून टाका. फोनचा मुख्य लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावरच्या साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या लेन्सच्या तोडीचा असतो, म्हणजे खूप रुंद बघणारा. चिंकारा खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच. तो 100 मीटरवर असेल तर 8 बाय 12 इंचाच्या प्रिंटवर सव्वा-दीड मिलिमीटरचा येतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. त्यातून नोव्हेंबरातलं वाळलेलं कुसळी गवत आणि त्याची पाठ एकाच रंगाची. आपल्याला तो दिसतो, कारण कुठं बघायचं ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून असा फोटो घरातल्या कुणाला तरी काही न सांगता दाखवा आणि त्यांची नजर कुठं जाते ते बघा. जनावर लहान असलं तर चालतं, पण मग त्याच्या कडेला ऊन लागलेलं हवं किंवा त्याची मान मोकळ्या आभाळावर आलेली हवी. क्षितिजाची रेघ नेमकी मानेतून गेली असेल तर तो फोटो बाजूला ठेवा. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) बाबतीत पाण्यातलं प्रतिबिंब पुरतं आलंय का ते तपासा. पक्षी आणि प्रतिबिंब मिळून एकच आकार असतो, तो खालून कापला की पक्षीच कापल्यासारखा वाटतो.

आता जनावराकडे जनावर म्हणून बघा. हे मी फार उशिरा शिकले. सुप्याजवळ एका संध्याकाळी मेंढरांचा कळप उन्हाच्या तिरिपेत चालला होता, खुरांखालची धूळ सोन्यासारखी उठत होती. पुण्यात ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी तो फोटो नावाजला. महिन्याभरानं त्याच वाटेवर त्याच मेंढपाळदादांची गाठ पडली, त्यांना प्रिंट दिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली, थोडी लांब नेली आणि म्हणाले, "मेंढरं बुजल्यात की ओ ताई." मग बोटानं दाखवलं : पुढच्या सगळ्यांच्या माना वर, कान माझ्याकडे, आणि मधली दोन-तीन एकमेकांत घुसलेली. चालत्या कळपाच्या माना खाली असतात. माझ्या प्रत्येक सुंदर फोटोत मी आत शिरलेली होते आणि इतक्या जणांना दाखवूनही ते कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन माणसांना दाखवते : एक चित्र कळणारा, एक जनावर कळणारा. पहिला छाया, रेघा, रिकामी जागा बघतो. दुसरा मेंढपाळ असेल, भिगवणला कुंभारगावचा नावाडी असेल, अभयारण्यातला वनरक्षक असेल. रोहित खाताना चोच उलटी करून पाण्यात बुडवतात, सगळ्यांच्या माना उंच झाल्या आणि थवा एका दिशेनं चालू लागला की तो उडायच्या बेतात आहे, हे नावाडी लांबून सांगतो. उडालेल्या थव्याचा फोटो दाखवायला नेणार असाल तर नाव किती जवळ गेली होती ते स्वतःशी खरं ठरवून ठेवा. तो प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा.

प्रिंट काढा. पडद्यावर प्रत्येक जण फोटो मोठा करून जनावर शोधतो आणि चौकट विसरतो. कागदावर तसं करता येत नाही. मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते. फोटो 3:2 मापाचा (लांबी-रुंदीचं प्रमाण) असेल तर 8 बाय 12 मध्ये नीट बसतो. फोनचा 4:3 मापाचा असला तर 6 बाय 8 काढा, नाहीतर लॅबमध्ये कडा कापल्या जातात आणि कडेला ठेवलेलं जनावर गेलंच म्हणून समजा. रंग आपोआप सुधारू नका असं आधीच सांगून ठेवा. रात्री पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून केलेला फोटो कागदावर काळवंडतो, म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून बघा. मूळ फाइल, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल) असेल तर ती, सोबत न्या. आपण कापून टाकलेलं एखादं बाभळीचं झुडूप जाणता माणूस परत मागतो.

प्रत्यक्ष जाणं जमणार नसेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि सगळ्यात आधी बारीक तपशील जातात, म्हणजे आपला चिंकारा. मात्र डॉक्युमेंटबरोबर फोटोत नोंदलेलं ठिकाणही जातं. घरटं किंवा लांडग्याचं बीळ असेल तर ती नोंद आधी पुसा. खरं तर असे फोटो पाठवूच नयेत असं माझं मत आहे.

प्रत्येक प्रिंटमागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, लेन्स, अंतर आणि एक प्रश्न लिहा. "कसा वाटला?" विचारलं की "छान" हेच उत्तर मिळतं, आणि त्यात समोरच्याची चूक नाही. "चिंकारा दिसायला किती वेळ लागला?" असं विचारा. "खालची गवताची पट्टी काढू का?" विचारा. समोरचा बघत असताना त्या सकाळची गोष्ट सांगू नका, ती सांगितली की तो फोटोऐवजी गोष्टीला दाद देतो. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा, पटलं नाही तरी. न पटलेल्या ओळींवर खूण करा आणि पुढच्या खेपेला त्याच जागी, त्याच वेळेला उभं राहून तो म्हणतो तसा एक तरी फोटो घ्या.

आणि मेंढरांच्या फोटोची एक प्रिंट जास्तीची काढा, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून ठेवा. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसोबत फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाकडे उतरायला लागतात, त्याआधी ती मेंढपाळाला पोचवा.