स्वस्त पॉइंट टू-टू काडतुसांचा लॉट कसा पारखायचा

पॉइंट टू-टू (0.22 इंची) रायफलचा परवाना, नोंदवही, कानाला मफ, डोळ्याला चष्मा हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरूनच लिहितो. 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या नेमबाजीत, कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्या इकडची पोट्टी हा प्रकार मागू लागली आहेत. पण कापसाच्या चुकाऱ्यावर चालणाऱ्या घराला मॅचची महागडी काडतुसं रोज कशी परवडणार? सराव स्वस्त मालावरच होतो. म्हणून तो पारखता आलाच पाहिजे.

आधी डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, बघा. नाव तेच आणि लॉट वेगळा असेल, तर तो वेगळा माल समजा. मग पन्नासाची एक पेटी उजेडात धरा. गोळी बोटाने फिरवून केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, ढिली लागते का, केसवर हिरवट डाग आहेत का, रिम, म्हणजे बुडाची कड, कुठे चेपली आहे का, ते पाहा. तसं काही दिसलं तर पेटी परत करा.

काडतुसं सोनाराच्या काट्यावर तोलत बसू नका. हा सल्ला जो तो देतो आणि तो बिनकामाचा आहे. गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, त्यात पितळी केसचं वजन आणखी, आणि दारू एका ग्रॅमचा दहावा हिस्साही भरत नाही. काट्यावर दिसणारा फरक बहुतेक शिसं आणि पितळेचा असतो. दारू कमी-जास्त पडली आहे का, हे वजनावरून कळत नाही. ते टार्गेटवरच कळतं.

आणि तिथेच मी दोन वर्षं चुकत होतो. रायफलच्या नळीत महाग काडतुसं चालवून झाली की लगेच स्वस्तातली पाच भरायची, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा झुबका, फाटला की माल रद्दी ठरवायचा. एकदा जवळजवळ अख्खा लॉट असाच परत केला. त्याच लॉटच्या उरलेल्या एका पेटीने पुढच्या महिन्यात सुरेख ग्रुप दिला, तेव्हा माझी चूक लक्षात आली. शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं आणि प्रत्येक बनावटीचं ते वेगळं असतं. आधीच्या मालाचं वंगण नळीत असेपर्यंत नव्या गोळ्या भरकटतात. म्हणून नळी पुसा आणि नव्या लॉटची 25 काडतुसं मातीच्या बंधाऱ्यावर नुसती झाडा. ती मोजायची नाहीत. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, तरी हे टाळू नका.

त्यानंतर बेंचवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून 50 मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे दहा ग्रुप मारा. दहाच्या दहा मोजायचे. एक सुंदर ग्रुप कापून खिशात घालून फिरणारे मी पुष्कळ पाहिले. पाच गोळ्या नशिबानेही जुळतात. "ही गोळी माझ्या हाताने गेली" म्हणून एखादं भोक वगळायचं नाही. दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांतलं अंतर घ्या, त्यातून गोळीचा व्यास 5.6 मिलिमीटर वजा करा, मग दहाची सरासरी काढा. सरासरी 25 मिलिमीटरच्या आत आली तर सरावाला मी तो लॉट घेतो. पलीकडे गेली तर फुकट दिला तरी नको, कारण पोरगं मालाची चूक स्वतःची समजून चांगली पकड बिघडवून बसतं.

ग्रुपचा आकारही वाचा. भोकं आडवी पसरली तर आधी वारा बघा. उभी पसरली तर बहुधा वेग सारखा नाही, म्हणजे दारू किंवा प्राइमिंग (ठोक्याने पेटणारा मसाला) असमान आहे. सेकंदाला 320 मीटरच्या आसपास निघणाऱ्या गोळीचा वेग 10 मीटरने घटला, तर 50 मीटरवर ती जवळपास 8 मिलिमीटर खाली लागते. त्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर तेवढंच आहे.

चाप ओढला आणि काडतूस फुसकं निघालं, म्हणजे उडालंच नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, उघडा. रिमवरची ठोक्याची खूण उथळ असेल तर दोष रायफलचा: बोल्ट मळलेला किंवा स्प्रिंग थकलेली. खूण खोल असूनही पेटलं नसेल तर दोष मालाचा. या काडतुसात प्राइमिंग रिमच्या आतून गोल फिरवून बसवलेलं असतं, एखाद्या जागी ते पोहोचतच नाही. अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावल्यावर उडालं, तर नेमकं हेच झालं होतं. शंभरात एक मी सरावाला सोसतो, दोन नाही.

आवाज नेहमीसारखा न येता नुसतं 'फुस्स' झालं आणि टार्गेटवर भोक दिसलं नाही, तर हात तिथेच थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. माझ्या शेजारच्या लेनवर एका मुलाने बोल्ट ओढून दुसरं काडतूस आत सरकवलं होतं. त्याचा हात मी धरला म्हणून वाचला. रायफल रिकामी करून नळीतून रॉड घातला, तर गोळी अर्ध्यावर बसलेली होती. असा प्रकार एकदा जरी झाला, तरी तो लॉट मी पुन्हा रेंजवर आणत नाही.

चाचणी सकाळीच उरका. मे महिन्यात दुपारी 45 अंशांत वंगण मऊ पडतं, मुरुमाची धूळ त्याला चिकटते आणि तीच नळीत जाते.

लॉट पसंत पडला की हंगामाला लागेल तेवढा, परवान्याच्या मर्यादेत, त्याच नंबरचा एकदम घ्या. डब्यावर खडूने नको, मार्करने तारीख आणि सरासरी लिहा. डबा टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. घराच्या सगळ्यात गार खोलीत, कुलपात ठेवा.