केमिस्ट्रीच्या एमएस्सीला लोन काढायच्या आधी वहीत मांडायचा हिशोब

दर जूनला गावाकडून एकतरी फोन येतोच, दादा बीएस्सी झालं, एमएस्सी ऑरगॅनिकला ॲडमिशन मिळतंय पण फी आणि होस्टेल धरून चार लाख लागतायत, काढू का लोन? मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, वही घे म्हणतो.

पहिली ओळ. चार लाखाचं लोन हे चार लाखाचं नसतंच. बँक दोन वर्षं कोर्सची आणि वर एक वर्ष सूट देते, तेवढ्या काळात हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. 11 टक्के धरा. पहिल्या वर्षी उचललेल्या 2 लाखाला तीन वर्षांचे 66,000, दुसऱ्या वर्षीच्या 2 लाखाला दोन वर्षांचे 44,000. झाले 5 लाख 10 हजार. सात वर्षांची मुदत घेतली तर लाखामागे साधारण 1,712 रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिन्याला 8,700 च्या वर. एजंट मात्र 4 लाखावर गुणून 6,850 सांगतो आणि आपण खूश.

दुसरी ओळ पगाराची, इथे पॅकेज लिहायचं नाही, हातात येणारा आकडा लिहायचा. क्यूसीत (कंपनीच्या माल तपासणाऱ्या लॅबमध्ये) फ्रेशरला वर्षाला 2.40 लाखाचं पॅकेज मिळालं असं धरू. महिन्याचे 20,000 दिसतात ना, त्यातच कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि ईएसआय (कामगार विमा) घुसवलेलं असतं. बेसिक (मूळ पगार) 10,000 असेल तर कंपनीचे हे वाटे काढून, मग आपला पीएफ 1,200, आपला ईएसआय आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की खात्यावर 16,200 च्या आसपास पडतात. (मुलींना 25,000 पगारापर्यंत महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स लागत नाही, कापला असेल तर एचआरला विचारा.) इंटरव्ह्यूला ‘इन हँड किती सर’ विचारायला लाजायचं नाही, मी लाजलो होतो आणि पहिली स्लिप बघून जिन्यातच बसलो.

तिसरी ओळ जगण्याची. बोईसर, महाड, लोटे, कुरकुंभ, केमिकलवाल्या कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी कॉट बेसिसची रूम, मेस, रिचार्ज आणि महिन्यातून एकदा घरी जायची एसटी, काटकसरीत 7,500 धरा. आता वजाबाकी करा, 16,200 मधून 7,500 गेले, उरले 8,700. हप्ता किती होता? तेवढाच. घरी पाठवायला शून्य, आणि ताप आला तर मित्राकडे हात पसरायचे. यात वडील सहकर्जदार असतात हे विसरू नका, हप्ता चुकला तर त्यांचा सिबिल पण बिघडतो आणि उद्या त्यांनाच कुठलं कर्ज लागलं तर अडतं.

चौथी ओळ बहुतेक जण मांडतच नाहीत. एमएस्सी न करता बीएस्सीवर ट्रेनी लागला असतास तर? समजा 14,000 हातात, दोन वर्षांचे 3 लाख 36 हजार झाले असते. मग एमएस्सीमुळे सुरुवातीला जास्त मिळणार जेमतेम दोन-अडीच हजार, आणि त्यासाठी हप्ता 8,700. पण म्हणून एमएस्सी करूच नको असं मी म्हणत नाही, कारण आर अँड डी आणि ॲनालिटिकल डेव्हलपमेंटला बीएस्सीवाल्याला सहसा दारात उभं करत नाहीत, तो प्रॉडक्शनच्या नाईट शिफ्टमध्ये रिॲक्टरजवळ ड्रम मोजत राहतो. एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) नीट हात बसला, पुढे एफडीए अप्रूव्हल (केमिस्ट म्हणून सरकारी मान्यता) मिळालं, की कंपनी बदलताना पगार उडी मारतो. प्रश्न डिग्रीचा नाहीये, ती किती रुपयांना घेताय त्याचा आहे.

म्हणून कर्जाचा आकडाच खाली आणा. कॉलेजला पहिला प्रश्न, हा कोर्स अनुदानित की विनाअनुदानित? एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही असतात आणि फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. युनिव्हर्सिटी डिपार्टमेंटचा फॉर्म भरा, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी बघा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती लागते का ते तारीख जायच्या आत तपासा. अभ्यासात खरंच गती असेल तर सीएसआयआर नेटची परीक्षा धरा, त्यातून मिळणाऱ्या जेआरएफला (पीएचडीसाठीची फेलोशिप) 2023 पासून महिन्याला 37,000 आहेत, वर एचआरए. म्हणजे ज्याला क्यूसीत 16 हजार मिळतात त्यालाच पीएचडी करताना दुपटीच्या वर, फक्त ती परीक्षा काढणं खायचं काम नाही.

लोन घ्यायचंच ठरलं तर 4 लाखांपर्यंत बँकांच्या ठरलेल्या योजनेत तारण आणि मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा वाटा) लागत नाही, मॅनेजरने घराचे कागद मागितले तर दुसऱ्या शाखेत जा. कोर्स चालू असतानाच व्याज भरत राहिलात, पहिल्या वर्षी महिन्याला 1,833 आणि दुसऱ्या वर्षी 3,667, आणि पुढच्या बिनहप्त्याच्या वर्षातही तेच, तर हप्ता 6,850 वरच राहतो, शिवाय बऱ्याच बँका व्याजदरात 1 टक्का सूट देतात. दहावीच्या दोन ट्यूशन घेऊन एवढं निघतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत कुणी कौतुकाने सांगितली तर हसून सोडून द्या, ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि 20 हजारावर टॅक्स लागतोय कुठे.

आणि हप्त्याची तारीख. माझा पगार 7 ला व्हायचा आणि बँकेने हप्ता 5 ला लावलेला, तीन महिने बाऊन्सचा दंड भरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिला पगार झाला की शाखेत अर्ज देऊन तारीख 10 करून घ्या.